बाही वर

दर बुधवारी बुरुलकान येते,
बुटांवरचं बर्फ उंबऱ्याशी झटकते
आणि बसायच्या आधीच म्हणते, "बाही वर."

तीस वर्षं मी ट्रक हाकला,
नारिनपासून पार चिनी हद्दीपर्यंत.
घाट उतरायच्या आधी ब्रेक बघितले,
टायर ठोकले,
तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवली.
माझ्या स्वतःच्या नळ्यांकडे
कुणी वाकून बघावं
असं मात्र कधी मनात आलं नाही.
गाडी बंद पडते,
माणूस थकतो, झोपतो, उठतो.
एवढंच माझं शास्त्र.

बुरुलकान डॉक्टर नाही.
शाळेच्या भटारखान्यात होती.
तालुक्याला तीन दिवस शिकून आली
आणि पट्टा, रबरी फुगा, चौकटीची वही घेऊन
चौतीस घरं फिरू लागली.
फुगा दाबते, कानात नळी,
ओठांतल्या ओठांत आकडे,
संध्याकाळी मेंढ्या मोजाव्यात तशी.
"एकशे सत्तर. खालचा शंभर."
"मला तर काहीच होत नाही," मी म्हणालो.
"तेच तर वाईट."
आणि माझ्याच वाटीतला चहा तिनं चाखला.

दुधात मिठाचा खडा पडला की दूध नासतं.
आमचा चहाच मुळात दूध आणि मीठ.
सासूच्या चिमटीत मावायचं तेवढंच
सायराच्या चिमटीत मावतं.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आम्ही,
मग मीठही आम्हाला जागतं,
रात्री अडीचला, कानामागे,
ठक, ठक, ठक.

धाकट्या इमिलला त्यानं असंच उठवलं होतं.
तो उठला, जिभेची एक बाजू झोपूनच राहिली.
आता सगळ्या शब्दांतला एकच शब्द येतो त्याला,
घोड्याचं नाव.
भूक लागली तरी तेच, रडू आलं तरी तेच.

सायरानं मला न सांगता चमचा बदलला.
अकरा दिवस चहा म्हणजे कोमट पाणी.
मी घरावर चिडलो, गाईवर चिडलो,
कुरुतच्या खारट गोळ्या कोटाच्या खिशात लपवल्या
आणि नातवानं पकडलं.
बाराव्या दिवशी दुधाला गवताचा वास आला.
तो पूर्वीपासूनच होता म्हणे.
मग सकाळची एक पांढरी गोळी,
मग इमिलचा हात धरून पुलापर्यंत जाणं-येणं,
वाटेत प्रत्येक घोड्याला तो एकाच नावानं हाक मारतो.

मार्चमधला बुधवार.
बुरुलकान पायरीवरच बसली,
दोन्ही तळवे कानशिलांवर.
"चढ जरा जास्तच झाला आज," म्हणाली.
मी वही उचलली. चौतीस पानं.
"तुझं पान कुठंय?"
ती बर्फाकडे बघत राहिली.
"मला कुठला वेळ."

मी पट्टा सोडवला, चर्रकन.
"बाही वर."
एकावर एक तीन स्वेटर,
त्याखाली किटलीनं भाजल्याचा जुना डाग
आणि हात इतका बारीक
की पट्ट्याचा अर्धा भाग नुसताच गुंडाळला.
आधी काहीच ऐकू येईना.
मग दूर, दरीच्या तळाशी,
पहिल्या गिअरात चढणारा भरलेला ट्रक.
"एकशे नव्वद."
"चुकलास. पुन्हा दाब."
पुन्हा दाबला. ट्रक तोच होता.

शेजारच्याची गाडी मागून आणली.
सायरानं तिच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली.
घाट उतरताना प्रत्येक वळणाआधी
मी ब्रेकवर पाय टेकवून बघत होतो.
मागच्या सीटवरून एकदाच आवाज आला,
"बुधवार अजून संपला नाही,
एकोणीस घरं राहिलीत."

दवाखान्याच्या बाकावर मी पस्तिसावं पान उघडलं.
तारीख, आकडा, नाव.
तिनं वही ओढून घेतली,
नावातलं एक अक्षर खोडलं
आणि नीट लिहिलं.